सेल्फीतला पहिला ड्रामा: इपोलित बायार, त्याचा ‘बुडालेला माणूस’ आणि घरातला पसारा

आज कुठल्या नव्या फोनचा रिव्ह्यू नाही. आज एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. त्यानं साधारण १८५ वर्षांपूर्वी स्वतःचा एक फोटो काढला आणि त्यात स्वतःला चक्क मेलेलं दाखवलं. फोटो नाटकी होता, पण त्यामागचा राग खरा होता. आणि तो राग मला चांगलाच ओळखीचा वाटला.

त्याचं असं झालं. मागे मी एका विषयावर तीन आठवडे खपून व्हिडिओ तयार करत होते. स्क्रिप्ट झाली, शूटिंग झालं, एडिटिंग अर्धं उरलं होतं. तेवढ्यात एका मोठ्या चॅनलवर त्याच विषयाचा व्हिडिओ आला. उदाहरणंसुद्धा जवळपास तीच! त्यांनी माझं चोरलं असं मी म्हणणार नाही, कारण माझं अजून बाहेर आलंच नव्हतं. पण लोकांच्या लेखी ते पहिले ठरले आणि मी कॉपी करणारी. रात्री एक वाजता मी भलंमोठं रागाचं स्टेटस टाइप करत बसले होते. आजूबाजूला चार्जरच्या वायरी, चहाचे दोन कप, धुतलेल्या कपड्यांचा ढीग आणि मध्ये रिंग लाइट.

ते स्टेटस मी टाकलं नाही. कारण तेव्हाच मला बायारचा तो फोटो आठवला.

कोण होता हा बायार?

इपोलित बायार हा फ्रेंच माणूस. जन्म २० जानेवारी १८०१, पॅरिसच्या उत्तरेला ब्रतय नावाच्या गावी. नोकरी पॅरिसमध्ये, अर्थ मंत्रालयात कारकुनाची. म्हणजे दिवसभर फायली आणि उरलेल्या वेळात प्रयोग. मोठा शास्त्रज्ञ नाही, पैसेवाला नाही, दरबारात ओळख नाही.

त्याच्या वडिलांबद्दल एक छान गोष्ट सांगतात. त्यांना बागेचा नाद होता. झाडावरची पीच फळं पिकायला लागली की ते त्यांच्यावर कागदाची कापलेली अक्षरं चिकटवायचे. ऊन लागलेला भाग रंगायचा, झाकलेला फिका राहायचा आणि फळावर आपोआप अक्षर उमटायचं. ऊन चित्र काढू शकतं हा धडा पोराला घरच्या बागेतच मिळाला, असं म्हणायला हरकत नाही.

१८३९: एकाच वर्षात सगळा गोंधळ

७ जानेवारी १८३९ ला पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एक मोठी घोषणा झाली. लुई दागेर नावाच्या माणसानं कॅमेऱ्यातलं चित्र कायमचं पकडायची रीत शोधली आहे, असं फ्रान्स्वा आरागो यांनी जाहीर केलं. आरागो म्हणजे त्या काळातले वजनदार शास्त्रज्ञ आणि राजकारणीही. पद्धत मात्र गुप्त ठेवली. आजच्या भाषेत, टीझर आला पण प्रॉडक्ट नाही.

ही बातमी ऐकून बायार झपाटून कामाला लागला. दागेर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र घ्यायचा. बायारनं कागद धरला. फेब्रुवारीत त्याला उलटं चित्र, म्हणजे निगेटिव्ह मिळालं. मार्चमध्ये थेट सुलटं चित्र! म्हणजे दोन-अडीच महिन्यांत एका कारकुनानं फोटोची स्वतःची वेगळी पद्धत उभी केली होती.

मे महिन्यात त्यानं आपले फोटो आरागोंना दाखवले. पण आरागोंनी आपलं सगळं वजन आधीच दागेरच्या पारड्यात टाकलं होतं. बायारला थांबायला सांगण्यात आलं, असं फोटोग्राफीचे इतिहासकार सांगतात. त्याच्या हातात पडले चांगला कॅमेरा घेण्यासाठी ६०० फ्रँक. दागेरला काय मिळालं? सरकारकडून आयुष्यभर वर्षाला ६,००० फ्रँक, आणि त्याच्या दिवंगत भागीदाराच्या मुलाला, इझिदोर निएप्सला, वर्षाला ४,०००.

बायार गप्प बसला नव्हता. १८३९ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये मार्टिनिक बेटावरच्या भूकंपग्रस्तांसाठी मदतीचा कार्यक्रम झाला. तिथं त्यानं आपले ३० फोटो मांडले. लोकांसाठी भरलेलं जगातलं पहिलं फोटो प्रदर्शन म्हणून आज त्याचंच नाव घेतलं जातं. पण १९ ऑगस्टला दागेरची पद्धत जाहीर झाली आणि सगळीकडे तेच नाव गाजलं. बायारनं आपली पद्धत अकादमीसमोर उघड केली फेब्रुवारी १८४० मध्ये. तोपर्यंत गाडी निघून गेली होती.

त्याची पद्धत नेमकी कशी चालायची?

या पद्धतीला डायरेक्ट पॉझिटिव्ह म्हणतात. सोप्या शब्दांत पायऱ्या अशा:

१. कागदावर सिल्व्हर क्लोराइडचा थर चढवायचा. हा थर प्रकाशात काळा पडतो.

२. मग तो कागद मुद्दाम उजेडात ठेवून पूर्ण काळा होऊ द्यायचा. हो, फोटो काढायच्या आधीच!

३. काळा झालेला कागद पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात भिजवायचा आणि कॅमेऱ्यात लावायचा.

४. आता उलटा खेळ सुरू होतो. जिथं जास्त उजेड पडेल तिथं कागद पांढरा होत जातो. जिथं सावली, तिथं काळाच राहतो.

५. शेवटी रसायनानं धुऊन हा परिणाम थांबवायचा आणि कागद वाळवायचा.

झाला फोटो. निगेटिव्ह नाही, कॉपी नाही, एका वेळी एकच. शिवाय चित्र थेट कागदावर पडत असल्यामुळे डावं-उजवं उलटं यायचं. आपल्या फ्रंट कॅमेऱ्याच्या प्रिव्ह्यूमध्ये टी-शर्टवरची अक्षरं उलटी दिसतात ना, तसंच.

अडचण एकच, पण मोठी. वेळ! भर उन्हातसुद्धा एका फोटोला दहा-बारा मिनिटं लागायची. फोनचा नाइट मोड तीन सेकंद हात स्थिर ठेवा म्हणतो तरी आपण वैतागतो. इथं माणसानं बारा मिनिटं दगडासारखं बसायचं. म्हणूनच बायारच्या सुरुवातीच्या फोटोंत प्लास्टरचे पुतळे भरपूर दिसतात. पुतळा हलत नाही, डोळे मिचकावत नाही आणि पांढरा असल्यामुळे उजेड छान परत फेकतो.

आणि मग आला ‘बुडालेला माणूस’

ऑक्टोबर १८४० मध्ये बायारनं स्वतःचा फोटो काढला. कमरेच्या वर उघडा, खाली कापड गुंडाळलेलं, एका बाजूला कललेला, हात मांडीवर, डोळे मिटलेले. भिंतीवर गवती टोपी. बाजूला फुलदाणी आणि एका बसलेल्या स्त्रीची लहान मूर्ती.

फोटोच्या मागे त्यानं स्वतःच्या हातानं मजकूर लिहिला. त्याचा आशय असा: तुम्ही बघताय ते प्रेत बायार साहेबांचं आहे, ज्या पद्धतीचा हा नमुना आहे तिचा शोध याच माणसानं लावला. अकादमीनं, राजानं, सगळ्यांनी त्याच्या चित्रांचं कौतुक केलं, पण हाती दमडी आली नाही. सरकारनं दागेरला भरभरून दिलं, यांच्यासाठी काही करता येणार नाही म्हणाले. म्हणून बिचाऱ्यानं पाण्यात उडी घेतली. प्रेत किती दिवस शवागारात पडलंय, कुणी ओळखायलाही आलं नाही. आणि शेवटी खवचटपणाचा कळस: बघणाऱ्यांनो, जरा लवकर पुढे सरका, नाहीतर नाकाला त्रास होईल. चेहरा आणि हात सडायला लागलेत, दिसतंय ना? खाली सही आणि तारीख, १८ ऑक्टोबर १८४०.

अर्थात माणूस धडधाकट जिवंत होता!

आता यातलं तंत्र बघा. त्या फोटोत चेहरा आणि हात खरंच अंगापेक्षा काळे दिसतात. का? तेव्हाच्या या रसायनांना निळा उजेड चांगला दिसायचा, लाल जवळजवळ दिसायचाच नाही. उन्हानं रापलेली, लालसर कातडी त्यामुळे गडद यायची. सदऱ्याखाली झाकलेलं अंग गोरं यायचं. म्हणजे कागदाची ही मर्यादा होती. बायारनं ती लपवली नाही, उलट तिलाच कथेत कामाला लावलं आणि सांगितलं की हे सडणं आहे.

डोळे मिटण्याचंही तेच. बारा मिनिटं न मिचकावता डोळे उघडे ठेवणं अशक्य. उघडे ठेवले असते तर डोळ्यांच्या जागी धूसर डाग आले असते. मेलेल्या माणसाचे डोळे मात्र मिटलेलेच असतात. तंत्राची अडचण आणि कथेची गरज एकाच जागी जुळली. आणि हा प्रकार त्यानं एकदाच केला असंही नाही. याच विषयाचे एकापेक्षा जास्त टेक आज उपलब्ध आहेत. म्हणजे रागाच्या भरात केलेलं काम नव्हे, तालीम करून बसवलेलं काम.

जगातला पहिला सेल्फी कुणाचा म्हटलं की फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसचं नाव येतं, १८३९ चं. पण कॉर्नेलियस नुसता कॅमेऱ्याकडे बघतो. मुद्दाम रचून, पात्र उभं करून स्वतःचा फोटो काढणाऱ्यांत बायारचं नाव अगदी सुरुवातीला येतं.

फ्रेममधला पसारा बोलतो

मला या फोटोत सर्वात जास्त आवडते ती टोपी. एवढं प्रेताचं नाटक मांडलंय, मग भिंतीवर उन्हात घालायची गवती टोपी कशाला? आत्महत्या केलेल्या माणसाच्या बाजूला फुलदाणी कशाला?

या त्याच्या रोजच्या जगातल्या वस्तू. अशा टोप्या, मूर्ती, फुलदाण्या बायारच्या इतर फोटोंतही पुन्हा पुन्हा दिसतात. त्यानं बागेतली झारी, कुंड्या, बागकामाची हत्यारं यांचे फोटो काढले. बागेत झाडांच्या मध्ये स्वतःलाही टिपलं. सायनोटाइप या निळ्या रंगाच्या पद्धतीत त्यानं पिसं, पानं, लेसचे तुकडे थेट कागदावर मांडून त्यांचे छाप घेतले. आपण ज्याला पसारा म्हणून ढकलतो तेच सामान. फरक एवढाच की त्यानं प्रत्येक वस्तू निवडून ठेवली होती.

‘बुडालेला माणूस’ मध्ये ती टोपी नसती तर कुठलंही एक प्रेत दिसलं असतं. टोपी आहे म्हणून कळतं की हा कुणीतरी विशिष्ट माणूस होता, उन्हात बाहेर पडायचा, घरी फुलदाणी होती, आवडीच्या मूर्ती होत्या. वस्तूंनी त्याची ओळख सांगितली. शवागारात कुणी ओळखलं नाही म्हणणाऱ्या माणसानं आपली ओळख आपल्या सामानातून ठेवली, असं मला वाटतं.

लाइट कुठून आणायचा?

बायारकडे बल्ब नव्हता, फ्लॅश नव्हता. होता तो फक्त सूर्य. त्या काळातल्या फोटोवाल्यांना दिवस आणि ढग बघूनच काम करावं लागायचं. पुढे स्टुडिओ आले तेव्हा ते इमारतीच्या वरच्या मजल्यावर, काचेचं छप्पर घालून बांधायचे. काच शक्यतो उत्तरेकडे. का? युरोपात उत्तरेच्या बाजूनं थेट ऊन येत नाही, दिवसभर मऊ आणि सारखा उजेड मिळतो. जास्त झाला तर पडदा ओढायचा, कमी पडला तर दुसऱ्या बाजूला पांढरं कापड धरायचं.

आजचा सॉफ्टबॉक्स दुसरं काय करतो? छोट्या दिव्यासमोर मोठं पांढरं कापड लावून त्याची मोठी खिडकी बनवतो. नियम एकच: उजेडाचा स्रोत जेवढा मोठा आणि जवळ, तेवढ्या सावल्या मऊ. फोनचा फ्लॅश टिकलीएवढा असतो, म्हणून त्याच्या सावल्या कडक पडतात आणि चेहरा तेलकट दिसतो.

मग हा जगातला पहिला फेक फोटो का?

एका अर्थानं हो. फोटो खरा, माणूस खरा, टोपी खरी. खोटं होतं ते मागे लिहिलेलं. फोटो आणि मजकूर एकत्र आले की बघणारा मजकुरावर विश्वास ठेवतो आणि फोटोत तेच बघायला लागतो. काळे हात दिसतात, मजकूर सडलेत म्हणतो, आपल्याला सडलेले दिसतात.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या निम्म्या खोट्या फॉरवर्डची रीत हीच आहे. फोटो जुना, कुठलातरी खरा. कॅप्शन नवं. त्यामुळे पुढच्या वेळी एखादा फोटो बघून रक्त उसळलं तर आधी कॅप्शन झाकून फोटो बघा. नुसत्या फोटोत काय दिसतंय? गूगल लेन्सवर टाकून तो आधी कुठे आलाय का तेही तपासा. बायारनं निदान स्वतःचंच प्रेत दाखवलं होतं आणि विनोद कळेल इतपत खुणाही ठेवल्या होत्या.

पुढे काय झालं?

इथं गोष्ट संपली असती तर बायार म्हणजे नुसता रडका माणूस म्हणून उरला असता. पण पाण्यात उडी मारल्याचं सांगणारा हा माणूस त्यानंतर ४६ वर्षांहून जास्त जगला आणि काम करत राहिला.

हट्टानं एकाच पद्धतीला चिकटला नाही. इंग्लंडच्या टॅलबटची निगेटिव्हवाली कागदी पद्धत आली तर ती शिकला. काचेवरच्या निगेटिव्हही केल्या. १८४८ च्या क्रांतीत पॅरिसच्या रस्त्यांवर अडथळे उभारले गेले, त्यांच्या उरलेल्या दगडांचा फोटो त्यानं काढला. १८५१ मध्ये सरकारनं देशातल्या जुन्या वास्तूंची नोंद करायला पाच फोटोग्राफर निवडले. त्यांत बायार होता, त्याच्याकडे नॉर्मंडीचा भाग. ज्या सरकारवर त्यानं स्वतःच्या मरणाचा आळ घातला होता, त्याच देशाच्या सरकारी कामावर!

१८५२ मध्ये त्यानं आणखी एक उपाय सुचवला. तो ऐकून तुम्हाला तुमचा फोन आठवेल. तेव्हाच्या निगेटिव्हना निळा उजेड फार लवकर लागायचा, त्यामुळे जमीन नीट आली की आकाश कोरं पांढरं यायचं. बायार म्हणाला, दोन निगेटिव्ह घ्या, एक जमिनीची, एक ढगांची, आणि दोन्ही मिळून एक प्रिंट काढा. आपल्या फोनमधला एचडीआर आज वेगवेगळ्या एक्सपोजरच्या फ्रेम्स जोडतो. त्यामागची अडचण आणि उत्तर, दोन्ही त्याच जातीचे.

१८५४ मध्ये फ्रेंच फोटोग्राफी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत तो होता. नंतर बरीच वर्षं तिचा सचिवही. १८६० च्या दशकात व्यंगचित्रकार बेर्तालसोबत त्यानं पोर्ट्रेट स्टुडिओ चालवला. १८६३ मध्ये फ्रान्सचा मोठा सन्मान, लीजन ऑफ ऑनर, मिळाला. १४ मे १८८७ ला नमूर गावी तो गेला, वय ८६. ‘बुडालेला माणूस’ आज त्याच सोसायटीच्या संग्रहात, पॅरिसला आहे.

मग न्याय मिळाला का? पुस्तकांत अजूनही पहिलं नाव दागेरचंच येतं. पण दागेरचा स्वतःचा चेहरा किती जणांच्या डोळ्यांसमोर येतो? बायारचा येतो. डोळे मिटलेला, कललेला, बाजूला टोपी.

मोबाईलवर करून बघा

खर्च शून्य. लागेल फक्त खिडकी आणि घरातलं सामान.

- सकाळी किंवा दुपारी उशिरा, थेट ऊन येत नाही अशा खिडकीशेजारी बसा. उजेड समोरून नको, एका बाजूनं येऊ द्या.
- खोलीतला बल्ब बंद करा. पिवळा आणि दिवसाचा उजेड मिसळला की रंग बिघडतात.
- चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाका. झाला रिफ्लेक्टर.
- फोन डब्यांच्या किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकवा, मागचा कॅमेरा वापरा, दहा सेकंदांचा टायमर लावा.
- स्क्रीनवर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्सपोजर लॉक होतं.
- आता महत्त्वाचं. पसारा सगळा उचलू नका आणि सगळा ठेवूही नका. तीनच वस्तू निवडा, ज्या तुमच्याबद्दल काहीतरी सांगतात. बाकीच्या फ्रेमबाहेर.
- कमीत कमी पाच टेक घ्या.

मी काय केलं ते सांगते. त्या रात्रीचं स्टेटस डिलीट केलं आणि दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी खुर्चीवर मान टाकून, डोळे मिटून फोटो काढला. मांडीवर वायरींचा गुंता, बाजूला रिकामा चहाचा कप, भिंतीला टेकवलेला बंद रिंग लाइट. सातव्या टेकला जमला. मधेच आई आली आणि मेल्यासारखी पडलेय बघून घाबरायच्या ऐवजी हे सगळं आवरणार कधी, एवढंच विचारून गेली.

फोटोखाली एकच ओळ लिहिली, की इथं एक व्हिडिओ पहिला येण्याची वाट बघत मेला. मित्रमंडळी हसली. मीही हसले. मग उरलेलं एडिटिंग पूर्ण करून दोन दिवसांनी व्हिडिओ टाकला. दुसराच आला तो. पण आला.